मधपेटीला वाकळ



दिवाळी सरली की आपल्याकडे घरोघरी माळ्यावरच्या वाकळा खाली उतरतात. दोन दिवस त्यांना ऊन दाखवायचे, काठीने झोडपून धूळ काढायची, उसवले असेल तिथे चार टाके घालायचे आणि मग अंथरुणात घ्यायच्या. म्हाताऱ्याकोताऱ्यांची नि लेकराबाळांची सोय लागली की लक्ष गोठ्याकडे जाते. नव्या वासराच्या पाठीवर पोते पडते. कोंबड्यांच्या खुराड्यालाही गोणपाटाचा पडदा लागतो. राहते ती बांधावरची मधपेटी. तिची आठवण कुणाला होत नाही. माशाच त्या, त्यांना कसली आली आहे थंडी!

मीही असेच समजत होतो. काही वर्षांपूर्वी सातेरी माशांच्या दोन पेट्या तुरीच्या बांधावर आणून ठेवल्या. पहिल्याच मार्गशीर्षात गारठा वाढला, तेव्हा कुणीतरी म्हणाले, पेटी झाका. मी खताच्या पोत्यातला आतला प्लास्टिकचा कागद काढला, धुतला आणि पेटीला चारी बाजूंनी घट्ट गुंडाळला. वर सुतळी आवळली. काम फत्ते झाले म्हणून मिशीवर ताव दिला. संक्रांतीच्या सुमारास पेटी उघडली, तर झाकणाच्या आतल्या अंगाला पाण्याचे थेंब लोंबत होते, कडेच्या पोळ्यांना काळी बुरशी आली होती आणि मधल्या पोळ्यांतली पिल्ले मरून पडली होती. पुढच्या पंधरवड्यात उरल्यासुरल्या माशा पेटी सोडून गेल्या.

आई ओसरीवर बसून शेंगा सोलत होती. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "अरे, लेकराला कुणी मेणकापडात गुंडाळतं का? वाकळ घाल की त्याला."

आईने मधमाशी कधी पाळली नव्हती. पण जे सांगितले त्यात सगळे शास्त्र आले. आज तेच जरा उलगडून सांगायचे आहे.

थंडी आपल्याकडे आहे का?

काश्मीरसारखी बर्फाची थंडी नांदेड-लातूरकडे नाही, हे खरे. पण आपली थंडी फसवी आहे. पौषात दुपारी पारा तीसच्या घरात असतो, अंगात सदरा नकोसा वाटतो. आणि त्याच दिवशी पहाटे तो दहापर्यंत, थंडीची लाट असली तर त्याच्याही खाली उतरतो. म्हणजे एका दिवसात वीस अंशांची चढउतार.

आता पेटीच्या आत पाहा. मधमाशीची अंडी, अळ्या आणि कोष यांना ३४-३५ अंशांची ऊब लागते, आणि ती दिवसरात्र लागते. बाहेर पहाटे दहा अंश नि आत पस्तीस, म्हणजे पंचवीस अंशांचा फरक झाला. तो फरक राखायचे काम माशा करतात. त्या पिल्लांच्या पोळ्यावर दाटीने बसतात आणि पंख न हलवता पंखांचे स्नायू थरथरवतात. आपण थंडीने कुडकुडतो तेव्हा अंगात ऊब येते, तसाच हा प्रकार. काही माशा तर पोळ्यातल्या रिकाम्या घरांत डोके घालून शेजारच्या कोषांना दोन्ही बाजूंनी शेक देतात.

कोषांना ऊब कमी पडली तर काय होते, याचा जर्मनीतील वूर्ट्सबर्गच्या शास्त्रज्ञांनी कसून अभ्यास केला आणि २००३ साली तो प्रसिद्ध केला. दोन-अडीच अंश कमी उबेत वाढलेल्या माशा जन्मतात, उडतात, वरून धडधाकट दिसतात. पण शिकायला नि लक्षात ठेवायला कच्च्या राहतात आणि फुलांचा पत्ता सांगणारा नाचही त्यांना नीट जमत नाही. ज्या माशीने लांबचे फुललेले रान शोधून परत घरी यायचे, तिला हे परवडणार कसे?

ही ऊब फुकट येत नाही. चुलीला सरपण लागते तसे या उबेला मध लागतो. एक किलो मधात सुमारे ३००० किलोकॅलरी उष्णता असते. पेटीच्या फळीतून, फटीतून, झाकणातून जी उष्णता रात्री बाहेर जाते, ती तुमच्याच मधाची असते. शिवाय पिल्लांना शेकत बसलेली माशी फुलांवर जाऊ शकत नाही. घर गार, तर मनुष्यबळाचा मोठा हिस्सा घर तापवण्यातच अडकून पडतो.

आपली सुगीच थंडीत

ही गोष्ट मराठवाड्याला इतरांपेक्षा जास्त लागू पडते. महाबळेश्वरच्या डोंगरात मधाचा मोठा हंगाम थंडी ओसरल्यावर येतो. आपल्याकडे पावसाळ्यात माशांची उपासमार असते आणि खरी सुगी थंडीतच असते. तूर दिवाळीच्या आगेमागे फुलते. कारळ, धने, सूर्यफूल आणि सगळ्यांत महत्त्वाची ती करडई. परभणीच्या कृषी विद्यापीठाने आणि लातूरच्या गळीतधान्य संशोधन केंद्राने ज्या पिकांवर आयुष्ये घातली, तीच तेलबियांची पिके मधमाशीचीही ताटे आहेत. करडईचा पेरा पूर्वीइतका राहिलेला नाही. पण जिथे आहे तिथे डिसेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत पिवळ्या-केशरी फुलांचे रान उभे असते.

आता जरा बोटावर हिशेब करा. राणीने अंडे घातल्यापासून कामकरी माशी बाहेर पडायला सुमारे तीन आठवडे लागतात. जन्मल्यावर पहिले दोन-तीन आठवडे ती घरातच राबते. घरे साफ करते, पिल्लांना भरवते, मेण काढते. त्यानंतर ती रानात जाते. म्हणजे जानेवारीच्या मध्याला करडईवर जी माशी जाईल, तिचे अंडे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात किंवा त्याआधी पडलेले असावे लागते. नेमक्या त्याच दिवसांत रात्री गारठू लागतात. राणी अंडी तेवढीच घालते, जेवढी माशांना शेकता येतील. पेटी गार असेल तर पिल्लांचा पसारा आवळला जातो आणि करडई फुलते तेव्हा रानात जायला माशाच नसतात. आपण म्हणतो, यंदा फुलांत रस नव्हता. रस असतो, न्यायला कुणी नसते.

ढोलीची भिंत आणि पेटीची फळी

सातेरी ही आपली जुनी माशी. आग्या माशी वडाच्या फांदीला किंवा पाण्याच्या टाकीखाली उघड्यावर पोळे लावते आणि ऋतू बदलला की मुक्काम हलवते. फुलोरी झुडपात एवढेसे एकच पोळे करते. सातेरी मात्र आडोसा शोधते. झाडाची ढोली, पडक्या वाड्याची भिंत, वारूळ, जुन्या विहिरीतली कपार अशी तिची घरे. अंधारी जागा, जाड भिंत आणि एक लहानसे तोंड.

चौकटी काढता-घालता येतील अशी पेटी अमेरिकेत लँगस्ट्रॉथ यांनी १८५१ साली शोधून काढली. आपल्या लहान माशीला बेताची पेटी दक्षिणेत फादर न्यूटन यांनी १९१०च्या दशकात बसवली. या पेट्यांनी मधमाशीपालन सोपे झाले, यात शंका नाही. पोळे न पिळता मध काढता येऊ लागला. पण पेटी आपल्या सोयीची झाली, भिंत मात्र पातळ झाली. ढोलीला कित्येक इंच लाकूड असते, पेटीला इंचभर फळी. इंग्लंडमधील डेरेक मिचेल यांनी २०१६ साली याचे मोजमाप मांडले. झाडाच्या ढोलीच्या मानाने नेहमीच्या लाकडी पेटीतून चार ते सातपट वेगाने उष्णता निघून जाते, असे त्यांना आढळले. त्यांचे मोजमाप पाश्चात्त्य माशीच्या घरांचे होते, पण उष्णतेचा नियम सातेरीलाही तोच.

आपल्या जुन्या लोकांना हे मोजमापाशिवाय कळत होते. हिमाचल, कुमाऊँ, काश्मीरकडे घर बांधतानाच जाड भिंतीत मधमाशांसाठी कोनाडा सोडायची रीत आहे. बाहेरून बोटभर छिद्र आणि घरातून उघडायची फळी. माणसांच्या भिंतीचीच ऊब माशांना.

आपल्याही भागात तशी घरे होती. दगड-पांढरीची हात-दीड हात जाडीची भिंत आणि वर माळवद. वैशाखात आत गार, पौषात आत उबदार. त्या घरांनी काय दिले आणि काय नेले, हे लातूर-धाराशिवकडच्या माणसाला सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात त्याच जड भिंती, तीच माळवदे अंगावर आली आणि हजारो माणसे गेली. मग हलकी घरे आली, पत्रे आले. पत्र्याखाली झोपणाऱ्याला उन्हाळ्याची दुपार नि हिवाळ्याची पहाट काय असते ते ठाऊक आहे. आपली मधपेटी म्हणजे असेच पत्र्याचे घर समजा.

मग ऊब हवी म्हणजे पुन्हा जड भिंत हवी का? नाही. वाकळीकडे पाहा. चार जुन्या लुगड्यांचे थर, पण वजन किती? थरांमध्ये जी हवा अडकून निवांत बसते, ती थंडी अडवते. घट्ट प्लास्टिकमध्ये हवेचा थरही नाही आणि ओल बाहेर जायला वाटही नाही. माझ्या पेटीचे तेच झाले होते.

काम कसे करायचे

सुरुवात डोक्यापासून करा. ऊबदार हवा वर चढते, म्हणून पेटीची सर्वांत मोठी गळती झाकणातून असते. गोणपाटाची पेटीच्या मापाची उशी शिवा. तिच्यात गव्हाचे कोरडे भुसकट, साळीचे तूस किंवा जुन्या गादीतला कापूस भरा. दोन-तीन इंच जाडी पुरे. ठासून भरू नका. ठासले की हवा जाते आणि हवा गेली की ऊब जाते. ही उशी आतले झाकण आणि वरचे झाकण यांच्या मध्ये ठेवा. वरचे झाकण नीट बसत नसेल तर सुताराकडून इंच-दोन इंच उंचीची चौकट करून मध्ये बसवा. सगळ्या कामातले हे एकच काम केले तरी निम्मी लढाई जिंकली.

वर ऊब राहिली की ओलीचाही प्रश्न सुटतो. माशांच्या श्वासातली वाफ गार झाकणाला लागली की तिचे पाणी होते आणि ते पिल्लांवर टपकते. झाकण आतून गार राहिले नाही, तर पाणी तिथे धरत नाही.

दुसरे काम फटींचे. पाश्चात्त्य माशी, जिला आपण मेलिफेरा म्हणतो, ती झाडांचा डिंक आणून घरातल्या फटी बुजवते. आपली सातेरी डिंक आणत नाही. तिच्या पेटीला फट राहिली तर ती तशीच राहते. तेव्हा कोठ्यांच्या सांध्यांना, फुगून फाटलेल्या फळीला बाहेरून शेण-मातीचा हात द्या. घरातल्या बायकांना हे काम शिकवावे लागत नाही. चुलीला पोतेरे देणारा हात पेटीवरून फिरला की झाले.

तिसरे काम आतल्या जागेचे. चार माणसांनी दहा खणांच्या वाड्यात थंडीचे दिवस काढायचे म्हणजे हालच. ज्या चौकटींवर माशा बसत नाहीत त्या काढून घ्या. काढलेली पोळी मेणकिड्यापासून जपून बंद डब्यात ठेवा. उरलेल्या चौकटींना लागून एक आडफळी लावा आणि पलीकडच्या रिकाम्या जागेत भुसकटाची लहान पिशवी बसवा. माशा वाढल्या की पिशवी काढून चौकट द्या.

चौथे काम कडांचे. उत्तरेकडून येणारा वारा पेटीला सर्वांत जास्त गारठवतो. पेटीच्या त्या अंगाला हातभर अंतरावर तुराट्यांचा कूड उभा करा. फळ्यांना बाहेरून गोणपाटाचे दोन-तीन पदर किंवा उसाच्या वाळल्या पाचटाची चटई बांधा. दव पडते म्हणून वरून आडोसा हवा. पण तो छपरासारखा, अंग सोडून असावा. पेटीचे तोंड पूर्वेला किंवा आग्नेयेला ठेवा, म्हणजे सकाळचे कोवळे ऊन दारात येते आणि माशी लवकर कामाला लागते.

पाचवे काम दाराचे. दार दोन बोटे रुंद राहील इतके लहान करा, बंद करू नका. आठवड्यातून एकदा काडीने मेलेल्या माशा काढून वाट मोकळी ठेवा.

नवी पेटी करवणार असाल तर सुताराला दुहेरी भिंतीची सांगा. आत एक फळी, बाहेर एक फळी, मध्ये इंचभर जागा आणि त्या जागेत भुसकट किंवा थर्माकोल. थर्माकोल उघडा ठेवू नका. माशा तो कुरतडतात, मुंग्या त्यात घर करतात. पेटी जरा मोठी नि जड होते, म्हणून पिकामागे पेट्या हलवणाऱ्याने आधी एखादीच करून पाहावी.

इतके मात्र टाळा

कीटकनाशकाची किंवा खताची पोती वापरू नका. कितीही धुतली तरी वास राहतो आणि त्या वासाने माशी मरते किंवा जाते. ओले भुसकट भरू नका. उशीत मुंग्या, वाळवी, झुरळे, पाली मुक्काम करतात. म्हणून घोडीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा आणि आठ-पंधरा दिवसांनी उशी काढून उन्हात टाका. पहाटे किंवा वारा असताना पेटी उघडू नका. अकरा ते दोनच्या दरम्यान उघडा, पाहायचे ते पाहा आणि लगेच मिटा. एक चौकट हातात धरून गप्पा मारत उभे राहिलात, तर दोन दिवसांची ऊब गेली समजा.

आणि पिल्लांच्या कोठीतला मध काढून घेऊ नका. सरपण नेऊन वर वाकळ दिली, तर तिचा उपयोग काय? साठा कमीच असेल तर दोन भाग साखर नि एक भाग पाणी असा घट्ट पाक संध्याकाळी द्या. मूठभर माशा उरलेल्या वसाहतीला मात्र नुसती वाकळ तारू शकत नाही. ती दुसऱ्या वसाहतीत मिळवलेली बरी.

शिवरात्रीनंतर

महाशिवरात्रीला थंडी "शिव शिव" म्हणत निघून जाते, असे आपण म्हणतो. मग वाकळ काढून टाकायची का? कडांचे गोणपाट सोडा, दार पूर्ण उघडा, वारा फिरू द्या. पण डोक्यावरची उशी तशीच राहू द्या. नांदेडकडे मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो. उन्हातला पत्रा तर हात लावू देत नाही. मेण वितळायला बासष्ट-त्रेसष्ट अंश लागतात, पण त्याच्या किती तरी आधी ते मऊ पडते आणि मधाने जड झालेली पोळी खाली बसतात. जी उशी पौषात आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही, तीच वैशाखात बाहेरची आग आत येऊ देत नाही. त्या दिवसांत पेटी झाडाच्या सावलीत हलवा. उथळ परातीत खडे टाकून पाणी ठेवा. माशा ते पाणी नेऊन पोळ्यावर शिंपतात आणि पंखांनी वारा घालतात. थंडीत मध जाळून घर तापवायचे आणि उन्हाळ्यात पाणी वाहून घर गार करायचे, हा त्यांचा बारमाही वेठबिगार एका उशीने हलका होतो.

मी सांगतो म्हणून मानू नका. सारख्या ताकदीच्या दोन पेट्या निवडा. एकीला उशी द्या, दुसरीला देऊ नका. दिवाळीत दोन्ही पेट्या काट्यावर वजन करा, पिल्लांच्या चौकटी मोजा आणि वहीत टिपून ठेवा. संक्रांतीला पुन्हा मोजा. हे काम शाळेत जाणाऱ्या पोराकडे द्या. तो तुमच्याहून काटेकोरपणे करील. काही अडले तर सगरोळी, पोखर्णी किंवा लातूरच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. मधमाशीपालनाचे रीतसर शिक्षण हवे असेल तर महाबळेश्वरचे मध संचालनालय आणि पुण्याची १९६२ साली सुरू झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहेच. त्याच महाबळेश्वर तालुक्यातले मांघर २०२२ साली "मधाचे गाव" म्हणून पुढे आले. तिथला डोंगर आपल्याकडे नाही. पण आपली करडई, आपली तूर तिथे नाही.

माझ्या दुसऱ्या पेटीचे काय झाले, ते सांगायचे राहिले. तिचा प्लास्टिकचा कागद मी त्याच दिवशी काढला. आईने फाटक्या वाकळीचा एक तुकडा कापून त्याला गोणपाटाचे अस्तर लावले, आत भुसकट भरले आणि चारी बाजूंनी टीप मारून दिली. त्या फेब्रुवारीत मध फारसा मिळाला नाही. पण माशा राहिल्या. पुढच्या दिवाळीत तीच उशी उन्हात टाकली, झोडपली आणि घरातल्या वाकळांबरोबर तिलाही चार टाके घातले.

या आठवड्यात तुमच्या वाकळा उन्हात पडतील, तेव्हा एक जुना तुकडा बाजूला काढून ठेवा.